पाकिटावरचा पत्ता



मी या क्षणीं जें बोलत आहें त्यावर कोणाचाहि पत्ता लिहिलेला नाहीं. साताऱ्यास राजवाड्याजवळ, सांगलीस गणपतिपेठेंत, किंवा माणदेशांतील एखाद्या वस्तीवर ज्याचा रेडिओ या वेळीं चालूं असेल त्याच्या कानीं तें पडेल. ज्याचा बंद असेल त्याच्या पडणार नाहीं. मी कोणाशीं बोलत आहें हें मला ठाऊक नाहीं आणि केंद्रालाहि ठाऊक नाहीं. आकाशांत सोडलेल्या शब्दाची ही मौज आहे. टपालांत टाकलेल्या शब्दाचें तसें नाहीं. मजकूर कितीहि सुंदर असला तरी पत्ता चुकला कीं तो फुकट जातो. आणि पत्ता बरोबर असला तर कोऱ्या कागदाचें पाकीटहि इमानानें घरपोंच होतें.

आज मला या पत्त्याविषयींच, आणि त्यांतहि एका लहानशा प्रश्नाविषयीं बोलावयाचें आहे. पत्ता एकदांच ठरवून ठेवावा, कीं प्रत्येक वेळीं नव्यानें लिहावा? हा प्रश्न माझ्यापुढें प्रथम एका रबरी शिक्क्याच्या रूपानें आला. अलीकडे तोच प्रश्न संगणकाच्या रूपानें पुन्हां आला, आणि तीस वर्षांपूर्वींची माझी चूक मला पुन्हां आठवली.

मी खानापूर तालुक्यांतील एका खेड्यांत मास्तर होतों. हा भाग कोरडा. येथील पुष्कळ घरांतील कर्ते पुरुष गलाईच्या धंद्यासाठीं, म्हणजे सोनें-चांदी गाळून शुद्ध करण्यासाठीं, देशाच्या कानाकोपऱ्यांत गेलेले असतात. त्यामुळें गांवांतल्या बायका माझ्याकडे पत्रें लिहवून घेण्यास येत. एकीचा मुलगा मद्रासकडे, दुसरीचा नवरा बंगाल्यांत, तिसरीचा दीर पंजाबांत. मजकूर बहुधा तोच असे: पाऊस नाहीं, म्हैस व्याली, थोरल्या आत्याबाई गेल्या. पत्ता मात्र प्रत्येकीचा निराळा, आणि तो दर वर्षा-दोन वर्षांनीं बदलावयाचा. तेथें मला चूक करतां येणें शक्यच नव्हतें, कारण बाई समोर बसलेली असे आणि पत्ता लिहून झाला कीं तो मोठ्यानें वाचून दाखवावा लागे.

शाळेच्या टपालाची गोष्ट उलट होती. तें जवळजवळ सगळें सांगलीच्या एकाच कचेरीकडे जाई. महिन्याला पन्नास-पाऊणशें लखोटे, आणि प्रत्येकावर त्याच चार ओळी. हाताला कंटाळा आला म्हणून मीं सांगलीस जाऊन एक रबरी शिक्का करवून आणला. मग रविवारीं सकाळीं पाकिटांचा गठ्ठा पुढें घेऊन बसावें आणि सगळ्यांवर शिक्के मारून ठेवावेत, असा क्रम पडला. आठवडाभर पत्त्याचा विचारच करावा लागत नसे. या सोयीचें मला मोठें कौतुक वाटे, आणि शेजारच्या गांवच्या मास्तरांनाहि मीं तसा शिक्का करविण्याची शिफारस केली होती.

आमच्या शाळेंत एका गलाईवाल्याचा मुलगा होता. बाप वर्षांतून एकदां जत्रेला येई. मुलगा गणितांत असा हुशार कीं, मीं फळ्यावर उदाहरण लिहून खडू खालीं ठेवण्यापूर्वीं त्याचें उत्तर तयार असे. साताऱ्यास एक निवासी शाळा होती. तिच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज मीं स्वतः त्याच्यासाठीं भरला. अर्जावर साताऱ्याचा पत्ता होता, सोबतच्या पत्रावर साताऱ्याचा होता. मग कपाटांतील वरचें पाकीट काढलें, अर्ज आंत घातला, डिंक लावला आणि पोस्टमनच्या हातीं दिला. तें पाकीट रविवारच्या गठ्ठ्यांतलें होतें.

तें सांगलीस गेलें. टपालखात्याचा यांत काडीचाहि दोष नाहीं. पाकिटावर जें लिहिलें होतें तेथें त्यानें तें वेळेवर पोंचविलें. तेथें तें इतर कागदांबरोबर फुटलें, आणि सुमारें महिन्यानें 'आमच्याकडील विषय नाहीं' अशा शेऱ्यासह शाळेंत परत आलें. मुदत टळून गेली होती, आणि वयाच्या अटीमुळें पुढील वर्षीं पुन्हां बसतां येत नव्हतें. बापानें परगांवाहून पत्र पाठवून विचारलें कीं, पोराकडून कांहीं आगळीक झाली काय, म्हणून त्याला बोलावणें आलें नाहीं? त्या पत्राचें उत्तर मीं तीन वेळां लिहिलें व फाडलें. चौथ्या वेळीं खरें तें लिहिलें.

आतां थोडें त्या आंकड्यांविषयीं, जे आपण पत्त्याच्या शेवटीं लिहितों. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे दळणवळण मंत्रालयांत अधिकारी होते आणि संस्कृतचे कवि व नाटककारहि होते. छंदाच्या गणमात्रा मोजणाऱ्या माणसानें सबंध देशाला सहा आंकड्यांत बसवावें, यांत मला तरी नवल वाटत नाहीं. पहिला आंकडा मोठ्या प्रादेशिक विभागाचा. असे आठ विभाग आहेत आणि नववा सैन्याच्या टपालाचा. पहिले दोन मिळून त्यांतील पोटविभाग. ४० ते ४४ हे महाराष्ट्राकडे येतात, आणि ४०३ गोव्याकडे. पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी जेथें होते तो जिल्हा ठरतो, आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष बटवडा करणाऱ्या कचेरीचे. साताऱ्याचा ४१५००१, कऱ्हाडचा ४१५११०, सांगलीचा ४१६४१६, मिरजेचा ४१६४१०.

आतां गंमत पाहा. विटें गांव सांगली जिल्ह्यांत. पण त्याचा क्रमांक ४१५३११, म्हणजे साताऱ्याच्या घरचा. वाई आणि महाबळेश्वर सातारा जिल्ह्यांत. पण त्यांचे क्रमांक ४१२८०३ व ४१२८०६, म्हणजे पुण्याकडचे. आणि घाट उतरून पलीकडे गेलेली रत्नागिरी ४१५६१२! कलेक्टरची हद्द निराळी आणि टपालाची वाट निराळी. आमच्या जिल्ह्याला हें विशेष जाणवावें, कारण १ ऑगस्ट १९४९ रोजीं तो दक्षिण सातारा या नांवानें जन्मला आणि १९६० च्या नोव्हेंबरांत सांगली झाला. पाटी बदलली म्हणून गांवाची जागा बदलत नाहीं. वर्गवारी करणारा कारकून जिल्ह्याचा इतिहास वाचीत बसत नाहीं. त्याला दूरच्या पत्राचे पहिले तीनच आंकडे पुरतात. पुढचे तीन ज्याला हवेत तो पुढें बसलेला आहे.

संगणकांच्या जाळ्यांत हीच युक्ति चालते. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे मजकूर जातो तो लहान लहान तुकड्यांनीं. ज्या तुकड्यावर त्याचा स्वतःचा पुरता पत्ता असतो आणि जो आपल्या भावंडांची वाट न पाहतां स्वतंत्रपणें प्रवास करतो, त्याला डेटाग्राम म्हणतात. डेटा आणि टेलिग्राम हे दोन शब्द जोडून हें नांव १९७० नंतर रूढ झालें. नांवांत तार आली खरी, पण वागणूक मात्र पोस्टकार्डाची आहे. (ती तारहि जुलै २०१३ मध्यें आपल्या देशांतून गेली, नांवांत तेवढी उरली.) मी त्याला चिठ्ठी म्हणणार आहें. वाटेंत राउटर नांवाचीं यंत्रें बसलेलीं असतात. तीं पत्त्याच्या आरंभीचा भाग पाहून चिठ्ठी पुढच्या मुक्कामाला ढकलतात, अगदीं आपल्या कारकुनासारखीं. त्या पत्त्यांनाहि कलेक्टरची हद्द ठाऊक नसते. शिवाय चिठ्ठीवर एक आयुष्याचा आंकडा असतो, तो प्रत्येक मुक्कामाला एकानें कमी होतो, आणि शून्य झाला कीं चिठ्ठी टाकून देण्यांत येते. चुकलेली चिठ्ठी जन्मभर फिरत राहूं नये म्हणून ही व्यवस्था.

या चिठ्ठीचा यूडीपी म्हणून जो साधा प्रकार आहे, त्याचे नियम १९८० च्या ऑगस्टमध्यें जॉन पोस्टेल यांनीं अवघ्या तीन पानांच्या टिपणांत लिहिले. टपालाच्या कामाला याहून शोभणारें आडनांव शोधूनहि सांपडलें नसतें! चिठ्ठीच्या माथ्यावर आठ बाइटांत चार रकाने: पाठविणाऱ्याचें पोर्ट, घेणाऱ्याचें पोर्ट, लांबी, आणि मजकूर वाटेंत बिघडला काय तें पाहण्यासाठीं एक तपासबेरीज. पोर्ट म्हणजे चाळींतील खोलीचा क्रमांक म्हणा. चाळीचा पत्ता त्याच्याहि बाहेरच्या आयपीच्या लखोट्यावर असतो. बस्स. पोंचपावती नाहीं, क्रम नाहीं, पुन्हां पाठविणें नाहीं.

हें सगळें मला माझ्या पुतण्यानें सांगितलें. तो संगणकाचीं कामें करतो. नदीकाठच्या एका उपसा पाणीपुरवठा संस्थेसाठीं त्यानें एक कार्यक्रम लिहून दिला होता. पंपाजवळ बसविलेल्या पेटीला येथून चिठ्ठी जावी, 'सुरू हो' किंवा 'बंद हो', एवढेंच त्याचें काम. पहिल्या वर्षीं पंप एकच होता. दुसऱ्या वर्षीं आणखी तीन आले. रात्रीं प्रयोग करून पाहिला तों काय, तिसऱ्या पंपाला हुकूम सोडला कीं पहिला सुरू होई. चौथ्याला सोडला तरी पहिलाच. संगणकावर चुकीची एक ओळहि उमटत नव्हती. तो दोन रात्री जागला आणि मग सुटीसाठीं घरीं आला, तेव्हां त्याच्या तोंडून मीं ही हकीकत ऐकली.

चिठ्ठी पाठविण्याच्या दोन रीती आहेत, असें त्यानें मला समजावून सांगितलें. संगणकांत सॉकेट म्हणून एक खिडकी उघडावी लागते. एक रीत अशी कीं, खिडकींतून प्रत्येक चिठ्ठी टाकतांना तिच्याबरोबर पत्ता द्यावयाचा. याला सेंडटू म्हणतात. दुसरी रीत अशी कीं, खिडकी उघडतांच एकदां 'कनेक्ट' म्हणून पत्ता सांगून ठेवावयाचा; मग पुढें नुसता मजकूर टाकीत जावें, पत्ता यंत्र आपोआप घालतें. टेलिफोन जोडल्यासारखें तें वाटतें, पण वस्तुतः कांहींच जोडलें जात नाहीं. पलीकडच्याला त्याची वार्ताहि नसते. फक्त इकडच्या खिडकीवर पत्त्याची पाटी लागते.

"म्हणजे रबरी शिक्का," मी म्हणालों.

"तोच, काका," तो म्हणाला.

त्याच्या कार्यक्रमांत पहिल्या वर्षींचा शिक्का तसाच राहिला होता. नवीन पंपांचीं नांवें त्यानें मजकुरांत घातलीं होतीं, 'पंप तिसरा, सुरू हो' अशीं. पण पाकिटावर शिक्का पहिल्याचा. पहिल्या पंपाची पेटी साधी. ती नांव वाचीत नसे, 'सुरू हो' एवढेंच वाची. माझ्याहि पाकिटांत आंतल्या कागदावर साताराच होता ना!

शिक्क्याची रीत वाईट आहे असें मात्र मी म्हणणार नाहीं, आणि पुतण्याहि म्हणत नाहीं. ज्याला एकाच ठिकाणाशीं व्यवहार करावयाचा आहे त्याला ती चांगली. कनेक्ट केलेल्या खिडकीवर इतर कोणाच्या चिठ्ठ्या आंत घेतल्या जात नाहींत, हा एक फायदा. पलीकडे ऐकणारें कोणी नसल्याचा निरोप उलट आलाच, तर तो अशा खिडकीवर नीट कळतो, हा दुसरा. प्रश्न उभा राहतो तो मिश्रणाचा. शिक्का मारलेल्या पाकिटावर मीं एखादे वेळीं हातानें दुसरा पत्ता लिहिला तर टपालवाल्यानें काय करावें? यावर यंत्रांचें आपसांत एकमत नाहीं. लिनक्सच्या घराण्यांत हातानें लिहिलेला पत्ता त्या एका चिठ्ठीपुरता मानतात आणि शिक्का पुढच्यांसाठीं तसाच ठेवतात. बर्कलेच्या जुन्या घराण्यांत पाकीट परत देतात आणि 'खिडकी आधींच जोडलेली आहे' असें बजावतात. पायथॉन भाषेंत ट्विस्टेड नांवाचा एक साधनसंग्रह आहे, पुतण्या तोच वापरतो. त्यांत एकदां शिक्का मारला कीं त्या खिडकीचा शिक्का पुन्हां बदलतां येत नाहीं. शिवाय पत्ता आंकड्यांतच द्यावा लागतो. नुसतें नांव दिलें तर तो घेत नाहीं. मला स्वतःला या तिघांत पाकीट परत देणारा टपालवाला अधिक पटतो. त्यानें त्या दिवशीं माझें पाकीट खिडकींतूनच परत केलें असतें, तर!

पण आमच्या दोघांच्या चुकांत हातानें कांहीं लिहिलेलेंच नव्हतें, म्हणून कोणत्याहि घराण्याच्या टपालवाल्यानें आम्हांला अडविलें नसतें. पाकिटावर एक पूर्ण, स्वच्छ, खरा पत्ता होता. खोटा पत्ता परत येतो. खरा पण भलताच पत्ता पोंचतो, आणि पोंचल्यामुळेंच चूक झांकली जाते.

पुतण्यानें पुढें काय केलें तें सांगतों. त्यानें कनेक्टची ओळ काढून टाकली, चार पंपांच्या पत्त्यांची एक वही कार्यक्रमांत ठेवली, आणि प्रत्येक हुकुमाबरोबर त्या वहींतून पत्ता घेऊन लिहिण्याची व्यवस्था केली. पेटीलाहि शिकविलें कीं, चिठ्ठींतलें नांव आपलें नसेल तर हालूं नये. असेल तर काम करून उलट एक चिठ्ठी पाठवावी. टपालांत याला आपण पोंच म्हणतों. पूर्वीं त्यासाठीं रजिस्टर करीत असूं. ती निराळी सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टांत विलीन झाली, पण पोंच घेण्याची सोय तेथें राहिली आहे. डेटाग्रामाला मात्र पोंच मुळांतच नाहीं. ज्याला हवी असेल त्यानें ती स्वतः बांधून घ्यावी लागते.

हें पंपाचें काम झालें. आमच्या या दोन जिल्ह्यांना पत्त्याचा प्रश्न याहून मोठ्या प्रसंगीं पडतो. कोयनेचें पाणी साताऱ्याच्या पाटण तालुक्यांतून निघतें, कऱ्हाडला कृष्णेस मिळतें, आणि सांगलीला आयर्विन पुलाखालीं येतें. तेथें पाण्याची पातळी ४० फूट झाली म्हणजे इशारा, ४५ झाली म्हणजे धोका. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे पूर आपण सर्वांनीं पाहिले आहेत. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांच्या वर गेलें होतें. पाण्याच्या आधीं बातमी पोंचली पाहिजे. ती रेडिओवरून सर्वांना सांगावी हें योग्यच. अशा वेळीं पत्ता नसलेला शब्दच उपयोगी, कारण कोणालाहि वगळतां कामा नये. संगणकाच्या जाळ्यांतहि सर्वांसाठीं एक खास पत्ता राखून ठेवलेला आहे, २५५ हा आंकडा चार वेळां लिहिला कीं ती चिठ्ठी त्या आवारांतील प्रत्येकाला जाते. मात्र राउटर ती आवाराबाहेर जाऊं देत नाहीं.

तरीपण एका गल्लींत ४० फुटांलाच पाणी शिरतें आणि दुसरीच्या उंबऱ्याला ५० फुटांलाहि लागत नाहीं. दोघांना एकच वाक्य दहा वेळां ऐकवलें तर दुसरा बेफिकीर होतो, आणि त्याचें पाहून पहिलाहि होतो. ज्याच्या दारांत पाणी यावयाचें त्याला त्याच्या नांवाची चिठ्ठी जावी, वेळेसकट. पातळीचे आंकडे कळविण्यास डेटाग्राम सोयीचा असतो, कारण दर थोड्या वेळानें नवा आंकडा येतो आणि एखादा जुना वाटेंत हरवला तर त्याचें कोणाला सुतक नसतें. 'घर सोडा' या चिठ्ठीचें तसें नाहीं. ती हरवून चालणार नाहीं. तिला पोंच हवी, आणि पोंच न आल्यास माणूस धाडावयास हवा.

पण पत्ताच नसेल तर? मळ्यांत, वस्तीवर राहणाऱ्यांचा पत्ता आजवर 'विहिरीच्या पलीकडे, चिंचेजवळ' असाच लिहीत आलों. मे २०२५ मध्यें टपालखात्यानें डिजिपिन म्हणून दहा अक्षरांचा एक नवा क्रमांक काढला आहे. देशाची भूमि सुमारें चार मीटर लांबीरुंदीच्या चौकोनांत वांटून प्रत्येक चौकोनाला त्यानें क्रमांक दिला आहे. चिंच तोडली तरी तो बदलावयाचा नाहीं. आपल्या वस्तीचा क्रमांक शोधून दाराच्या चौकटीवर रंगानें लिहून ठेवा, असें मी आमच्या गांवांत सांगत असतों. तीन घरांनीं लिहिला आहे.

तो मुलगा बापाबरोबर गलाईला गेला. आज त्याचें दक्षिणेकडे स्वतःचें दुकान आहे. जत्रेला येतो तेव्हां माझ्या घरीं येऊन पायां पडतो, चहा घेतो, आणि त्या अर्जाविषयीं एक अक्षरहि काढीत नाहीं. गेल्या खेपेस त्यानें मुलीच्या लग्नाच्या पत्रिका आणल्या होत्या. गांवांतल्या व भावकींतल्या दोनशें पत्रिकांवर पत्ते घालावयाचे होते आणि त्याला मराठी लिहिण्याची संवय राहिली नव्हती. मग मीच बसलों. तो एकेक नांव सांगत होता, मी लिहून झालें कीं त्याला वाचून दाखवीत होतों. दोन दिवस लागले.

माझी वेळ संपली.